ओठांची चेन

मागच्या आठवड्यात भाच्याने एक रील पाठवलं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं, मागे कानठळ्या बसवणारं म्युझिक, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, बॉस असावा तर असा. पिवळ्या जर्सीतला एक सायकलस्वार दुसऱ्या एकाच्या मागच्या चाकाला चिकटून चाललाय, मग दोघंही मागे पडतात, मोठ्या घोळक्यात येऊन मिसळतात आणि पिवळ्या जर्सीवाला कॅमेऱ्यासमोर दोन बोटं ओठांवरून आडवी फिरवतो, तोंडाला चेन लावल्यासारखी. खाली बदाम, आगीचे इमोजी, मुकुट. भाच्याने विचारलं होतं, मावशी तू सायकलिंग बघतेस ना, हा कोण गं? मी उत्तर टाइप करायला घेतलं तर ते लांबतच गेलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं आणि शेवटी नुसतं 'लान्स आर्मस्ट्राँग' एवढं पाठवून दिलं. टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची शर्यत सात वेळा जिंकलेला आणि पुढे उत्तेजकांपायी ती सातही गमावलेला अमेरिकन, हे लिहायचं राहिलंच. त्याचा अंगठा आला. विषय संपला. पण तो दुसरा कोण हे त्याने विचारलंच नाही. मी खालच्या कमेंट्स चाळत बसले, खूप खालपर्यंत गेले, तिथेही कुणाला तो प्रश्न पडलेला दिसला नाही.

तेव्हापासून तो दुसरा माझ्या डोक्यात बसलाय.

त्याचं नाव फिलिप्पो सिमेओनी, इटलीचा. दिवस २३ जुलै २००४, टूर द फ्रान्सची अठरावी स्टेज, म्हणजे अठराव्या दिवसाचा टप्पा, लाँ-ल-सोनिए गावाकडे जाणारा. टूर बघणाऱ्यांना सांगायला नको, शेवटच्या दिवसांतल्या अशा स्टेजला मोठी मंडळी निवांत असतात, यलो जर्सीचा, म्हणजे एकूण पहिल्या नंबराचा, निकाल जवळपास लागलेला असतो आणि ज्यांच्या हाती तीन आठवड्यांत काहीच लागलं नाही ते ब्रेकअवेत, म्हणजे घोळक्यातून पुढे सुटलेल्या टोळीत, जाऊन एखादी स्टेज पदरात पडते का बघतात. सिमेओनी एकूण क्रमवारीत अडीच तासांहून जास्त मागे होता. अडीच तास! आर्मस्ट्राँगच्या सहाव्या टूरला त्याच्यापासून काडीचाही धोका नव्हता. तरी सिमेओनी पुढच्या ब्रेकअवेकडे सुटला तशी यलो जर्सी स्वतः, टीममधल्या कुणाला न पाठवता, त्याच्यामागे सुटली. पुढच्यांच्या लगेच लक्षात आलं की हा माणूस आपल्यात आहे तोवर मागचे आपल्याला सुटू देणार नाहीत, दिवस फुकट जाणार. त्यांनी आर्मस्ट्राँगला विनंती केली की बाबा तू परत जा. त्याचं म्हणणं एकच, हा परत फिरला तर मी फिरतो. मग सिमेओनीने बाकीच्यांच्या पोटावर पाय नको म्हणून पेडल सैल सोडलं. स्टेज हुआन मिगेल मेर्कादोने जिंकली, ती आता कुणाला आठवतही नाही.

सिमेओनीचा गुन्हा असा की त्याने इटलीतल्या कोर्टात डॉ. मिकेले फेरारीच्या विरोधात साक्ष दिली होती. ईपीओ, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध, कसं घ्यायचं हे मला या डॉक्टरने सांगितलं, मी घेतलं, हे त्याने शपथेवर सांगितलं होतं आणि स्वतःच्या वाट्याची काही महिन्यांची बंदी भोगलीही होती. फेरारी आर्मस्ट्राँगचाही डॉक्टर. आर्मस्ट्राँगने ल माँद या फ्रेंच पेपरात सिमेओनीला खोटारडा म्हटलं, सिमेओनीने बदनामीची केस टाकली, आणि तो हिशोब त्या दिवशी ताशी पन्नासच्या आसपासच्या वेगाने रस्त्यावर चालला होता.

खरं सांगू का, ती चेन लावण्याची खूण मला तितकी खुपत नाही. ज्याच्याकडे सत्ता आहे तो ती दाखवणार, त्यात नवल ते काय. मला खुपतो तो मागचा घोळका. सिमेओनी घोळक्यात परत आला तेव्हा काही रायडर्सनी त्याला शिव्या घातल्या, त्यात त्याच्याच देशातले होते, हे त्यानेच नंतर सांगितलं. आणि आर्मस्ट्राँगने संध्याकाळी पत्रकारांना सांगितलं की बाकीच्यांनी माझे आभार मानले. मला हे खोटं वाटत नाही. बाकी आयुष्यभर खोटं बोललेला माणूस त्या संध्याकाळी बहुतेक खरं बोलत होता. दोन दिवसांनी पॅरिसची स्टेज, म्हणजे शॅम्पेनचे ग्लास हातात घेऊन फोटो काढत, गप्पा मारत जायचा दिवस, त्या दिवशी अटॅक करायचा नाही हा तिथला शिष्टाचार. सिमेओनीने सुरुवातीपासून अटॅक केला. पकडला. परत केला. परत पकडला. यूएस पोस्टलची, म्हणजे अमेरिकन पोस्टाच्या पैशावर चालणाऱ्या आर्मस्ट्राँगच्या टीमची, अख्खी निळी रांग दर वेळी त्याच्यामागे. जिंकणं शक्यच नव्हतं, त्यालाही ते ठाऊक असणार, तरी तो माणूस दर वेळी खोगिरावरून उठायचा आणि परत निघायचा. मला तो त्या दिवशी फार म्हणजे फारच आवडतो.

हे सगळं टीव्हीवर लाइव्ह, हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यातून.

त्या काळात माझ्याही मनगटात तो पिवळा रबरी बँड होता. आर्मस्ट्राँगच्या कॅन्सरसंस्थेचा, लिव्हस्ट्राँग लिहिलेला. अर्ध्या जगाच्या मनगटात होता, पण मला मामाने दिला होता म्हणून जरा जास्त जवळचा. मामाची केमो चालू होती. त्याला कुणीतरी आर्मस्ट्राँगचं आत्मचरित्र आणून दिलं होतं आणि तो ते उशाशी घेऊन झोपायचा, म्हणजे पोथीसारखं नाही, पण पानं दुमडलेली, पेन्सिलच्या खुणा केलेल्या. घराच्या फ्रिजमध्ये, दारातल्या खालच्या कप्प्यात, एक छोटी थंड पेटी असायची आणि तिच्यात भरून तयार आलेल्या बारक्या सिरिंजेस. केमोमुळे रक्त कमी होतं, ते भरून यावं म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन. मामी दार उघडताना दर वेळी म्हणायची, हळू गं, त्याला धक्का नको. पेटीवरचं ते लांबलचक नाव मी तेव्हा वाचलंही होतं. एरिथ्रोपोएटिन. ईपीओ. ज्याचं नाव पुढे सायकलिंगच्या प्रत्येक बातमीत शिवी म्हणून वाचलं ते माझ्या ओळखीच्या फ्रिजमध्ये, पाण्याच्या बाटलीच्या शेजारी, औषध म्हणून शहाण्यासारखं बसलेलं होतं.

जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या टीव्ही मुलाखतीत आर्मस्ट्राँगने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली तेव्हा मी मामाला फोन केला. मला वाटलं त्याला वाईट वाटलं असेल. तो म्हणाला, "अगं, माझ्या फ्रिजमध्ये होतं तेच ना ते?" मी म्हटलं हो, तेच. "मग मला जिना चढताना धाप का लागायची? हा पठ्ठ्या आल्प्स चढला!" आणि खोखो हसला. मग जरा थांबून, आवाज बदलून, विचारलं, "त्या बाईचं काय झालं गं? ती मालिश करणारी. तिच्यावर केस केली होती ना याने?"

ती बाई म्हणजे एमा ओ'रायली. डब्लिनकडची, शिकून इलेक्ट्रिशियन झालेली, मग मालिश शिकून यूएस पोस्टलमध्ये सोइन्यॉर म्हणून लागलेली. सोइन्यॉर म्हणजे टीममधलं सगळं बघणारं माणूस, पाय चोळायचे, बाटल्या भरायच्या, बॅगा उचलायच्या, रडगाणी ऐकायची. जो माणूस रोज संध्याकाळी तासभर तुमचे पाय चोळतो त्याच्यापासून तुम्ही काय लपवणार? १९९९ च्या टूरमध्ये आर्मस्ट्राँगच्या चाचणीत प्रिस्क्रिप्शनशिवाय बंदी असलेलं कॉर्टिसोन सापडलं आणि मग मागची तारीख घालून खोगिराने झालेल्या जखमेवरच्या मलमाचं प्रिस्क्रिप्शन तयार करायचं ठरलं, हे बोलणं मालिश चालू असताना तिच्यासमोर झालं. दंडावरचा सुईचा डाग झाकायला त्याने तिच्याकडे मेकअप मागितला. एकदा ती गाडीने स्पेनला जाऊन गोळ्या घेऊन आली आणि फ्रान्समधल्या एका पार्किंगमध्ये त्या त्याच्या हातात दिल्या, वापरलेल्या सिरिंजेस टाकायचं कामही तिने केलं. हे सगळं तिने पत्रकार डेव्हिड वॉल्शला सांगितलं आणि २००४ मध्ये ते फ्रेंचमध्ये छापून आलं. मग कोर्टाच्या नोटिसा आल्या. तिच्या चारित्र्याबद्दल बोललं गेलं, दारूबद्दल, टीममधल्या पुरुषांबद्दल, म्हणजे बाईने तोंड उघडलं की जगात कुठेही जे बोललं जातं तेच. ओप्राने विचारलं की तिच्यावर केस केली होतीस का, तर त्याचं उत्तर साधारण असं की इतक्या लोकांवर केसेस केल्या की आता नक्की आठवत नाही, पण केली असणार. मामाला हे मी फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, आठवत नाही?

दुसरी बेट्सी अँड्र्यू. तिची गोष्ट तर एका खोलीची आहे. ऑक्टोबर १९९६, इंडियानापोलिसच्या हॉस्पिटलमधली खोली, कॅन्सरचं नुकतंच निदान झालेला आर्मस्ट्राँग, भेटायला आलेली मित्रमंडळी. डॉक्टर विचारतात कधी काही घेतलं आहेस का, आणि तो यादी सांगतो, ईपीओ, टेस्टोस्टेरॉन, ग्रोथ हॉर्मोन, कॉर्टिसोन, स्टेरॉइड्स. बेट्सी तेव्हा फ्रँकी अँड्र्यूची होणारी बायको, फ्रँकी आर्मस्ट्राँगच्या टीममधला. तिने ते ऐकलं आणि फ्रँकीला बाहेर नेऊन बजावलं की तू यातलं काही घेत असशील तर लग्न विसर. पुढे २००५ मध्ये, आर्मस्ट्राँगचा बोनस अडवणाऱ्या विमा कंपनीच्या केसमध्ये शपथेवर विचारलं तेव्हा नवरा-बायको दोघांनी जे ऐकलं तेच सांगितलं. आर्मस्ट्राँग म्हणाला, असं काही झालंच नाही. २००६ मध्ये फ्रँकीने स्वतः ईपीओ घेतल्याचंही पेपरात कबूल केलं. त्यानंतर सायकलिंगमधली त्याची कामं आटत गेली. कुणी काढून टाकलं असं स्पष्ट नसतं अशा वेळी. फोन येत नाहीत एवढंच.

आणि ओप्राच्या खुर्चीत बसून आर्मस्ट्राँगने बेट्सीबद्दल विनोद केला. म्हणाला, मी तिला वेडी म्हटलं, शिवी दिली, पण जाडी कधी म्हटलं नाही. त्याच मुलाखतीत हॉस्पिटलच्या खोलीबद्दल विचारलं तर त्यावर बोलायचं नाही म्हणाला. सात टूर्सचं कबूल केलं आणि त्या एका खोलीचं नाही! मला हे राहून राहून विचित्र वाटतं. त्या बाईला बाकी काही नको होतं, फक्त एवढंच हवं होतं की हो, बेट्सी खरं बोलत होती, आणि तेवढंच तिथे मिळालं नाही.

आता ईपीओबद्दल थोडं, कारण त्याशिवाय घोळक्याचा राग कळत नाही. रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ते वाढलं की स्नायूंना ऑक्सिजन जास्त. नव्वदच्या दशकात ते पकडणारी टेस्टच नव्हती. १९९७ मध्ये यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, नियम केला की ५० टक्क्यांच्या वर गेलात तर पंधरा दिवस घरी, तब्येतीच्या काळजीपोटी म्हणे. झालं, म्हणजे ५० पर्यंत मुभा असाच त्याचा अर्थ लावला गेला. हॉटेलच्या खोल्यांमध्ये छोटी सेंट्रिफ्यूज मशीन्स आली, स्वतःचं रक्त फिरवून आकडा बघायचा, जास्त असेल तर तपासणीआधी सलाइन चढवून पातळ करायचं. थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात कुप्या. नंतर ज्यांनी ज्यांनी लिहिलं-सांगितलं त्यांच्या आठवणींत हा बर्फाचा खळखळाट येतोच. तर अशा घरात कुणी एकाने दिवा लावला की चोर एकटा दिसत नाही, सगळेच दिसतात. त्यात ज्याचं घरावर कर्ज आहे, ज्याला दुसरं काही येत नाही, शाळा सोळाव्या वर्षी सुटलेली, असेच जास्त. त्यांच्या रागाचं मला पटत नाही, पण तो मला समजतो, आणि समजतो म्हणूनच बहुतेक जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

क्रिस्तोफ बासोन्सचं सांगते. हा फेस्टिना टीममधला. तीच फेस्टिना जिचा सोइन्यॉर विली वोएट १९९८ च्या टूरआधी बेल्जियम-फ्रान्स सीमेवर गाडीभर औषधांसकट पकडला गेला आणि जिची अख्खी टीम टूरमधून बाहेर काढली. पोलिसांच्या चौकशीत सहकाऱ्यांनीच सांगितलं की आमच्यात हा एक घेत नव्हता. पेपरवाल्यांनी त्याला मिस्टर स्वच्छ करून टाकलं, आणि तिथूनच त्याचे वाईट दिवस सुरू झाले. १९९९ च्या टूरमध्ये तो दुसऱ्या टीमकडून होता आणि ल पारिझियाँ पेपरात रोज कॉलम लिहायचा. त्यात त्याने आर्मस्ट्राँगच्या वेगाबद्दल शंका लिहिली. झालं. आल्प द्युएजच्या स्टेजला सुरुवातीला सगळ्यांनी हळू जायचं असं ठरलं आणि ते त्याला कुणी सांगितलं नाही. त्याला कळलं तसा तो एकटाच पुढे सुटला. मग टीमच्या टीम त्याच्यामागे, आणि पकडल्यावर आर्मस्ट्राँग शेजारी येऊन, खांद्यावर हात ठेवून म्हणाला की तू जे करतोयस ते सायकलिंगसाठी वाईट आहे, तू घरी का जात नाहीस. बासोन्सनेच हे पुढे अनेकदा सांगितलंय. दोन दिवसांनी सकाळी तो बॅग भरून खरंच गेला. स्वतःच्या टीममध्येही त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

मला यातलं हळू जायचं ठरलं आणि त्याला सांगितलं नाही, हे वाक्य माहितीचं वाटतं. एका जुन्या ऑफिसात आमच्यातल्या एकाने खोट्या प्रवासबिलांबद्दल वर मेल केला होता. त्याला कुणी काही बोललं नाही, भांडण नाही, काही नाही. फक्त सगळे जेवायला दहा मिनिटं आधी जायला लागले. मी तेव्हा नवीन, मला वाटलं यांची काहीतरी मीटिंग असेल. तो माणूस रोज आपल्या वेळेला यायचा, समोर सगळ्यांचे डबे बंद होत असायचे, आणि तो बसायचा. दुपारचं ऊन काचेतून बरोबर त्याच्या टेबलावर यायचं ते मला अजून दिसतं. कुणी ठरवलं असेल असं वाटत नाही. ठरवावं लागत नाही बहुतेक.

पत्रकारांमध्ये तरी निराळं असावं की नाही? वॉल्श २००४ च्या टूरला गेला तर नेहमी ज्यांच्या गाडीतून फिरायचा त्या पत्रकारमित्रांनी त्याला गाडीत घेतलं नाही, हा आपल्याबरोबर दिसला तर आर्मस्ट्राँगच्या टीमकडून आपल्याला मुलाखत मिळणार नाही म्हणून. त्याच्या संडे टाइम्सवर केस झाली, पेपरने २००६ मध्ये तीन लाख पौंड देऊन मिटवली. पॉल किमेज तर त्याच्याही आधीचा, स्वतः टूर चालवलेला आयरिश रायडर, १९९० मध्येच त्याने पुस्तकात सगळं लिहून टाकलं होतं, तेव्हापासून पेलोटॉनमध्ये, म्हणजे रायडर्सच्या घोळक्यात, तो वाळीत. यूसीआयच्या बड्या मंडळींनी २०१२ मध्ये त्याच्यावर स्वित्झर्लंडमध्ये दावा लावला, तेव्हा जगभरच्या सायकलवेड्यांनी त्याच्या वकिलासाठी वर्गणी काढली. आणि ग्रेग लेमाँड, तीन वेळा टूर जिंकलेला, त्याने २००१ मध्ये फेरारीच्या नावावरून नुसती शंका काढली तर त्याला जाहीर माफी मागायला लावली. त्याच्या नावाच्या सायकली ट्रेक कंपनी बनवायची, तीच आर्मस्ट्राँगचीही स्पॉन्सर. २००८ मध्ये ते नातं तुटलं, कोर्टात गेलं, २०१० मध्ये मिटलं. आज टूर जिंकलेला अमेरिकन पुरुष म्हणून अधिकृत यादीत एकटा लेमाँडच उरलाय. ट्रेकने बनवलेल्या त्याच्या सायकली मात्र बंद झाल्या त्या झाल्याच.

१० ऑक्टोबर २०१२ ला अमेरिकेच्या उसाडाचा, म्हणजे तिथल्या उत्तेजकविरोधी संस्थेचा, आर्मस्ट्राँगवरचा हजारावर पानांचा अहवाल आला. सव्वीस साक्षीदार, त्यात आर्मस्ट्राँगचे अकरा माजी सहकारी. मी त्या शपथपत्रांची पानं रात्र रात्र वाचली आहेत. गंमत बघा, जे सहकारी तोवर गप्प होते आणि तपासाने दारात आणून उभं केल्यावर बोलले, त्यातल्या जे अजून शर्यतीत होते त्यांना सहा महिने बंदी, १ सप्टेंबर ते १ मार्च, म्हणजे बहुतेक थंडीचे महिने जेव्हा तशाही मोठ्या रेसेस नसतात. एक लिव्हाय लाइपहायमर, त्याला टीमने काढलं. पण बाकीच्यांपैकी काही जण वसंतात परत सायकलवर. आणि २००७ मध्ये कुणी मान पिरगाळलेली नसताना एका जर्मन साप्ताहिकाला सगळं सविस्तर सांगणारा यॉर्ग याक्शे, त्याची वर्षाची बंदी संपली तरी त्याला परत एकही टीम मिळाली नाही. फेस्टिनाचा रिशार व्हिराँक दोन वर्षं कानावर हात ठेवून राहिला, मग २००० मध्ये कोर्टात कबूल केलं, बंदी भोगली, परत आला, चढावांवरच्या सर्वोत्तम रायडरची पोल्का डॉटची जर्सी आणखी दोनदा जिंकली आणि रस्त्याकडेला त्याच्या नावाचे बोर्ड घेऊन माणसं उभी. बासोन्सने २००१ मध्येच सायकल सोडली होती. व्हिराँक पुढे टीव्हीवर कॉमेंट्री करायला लागला. मी ऐकायचे, छान बोलतो, हेही सांगून टाकते.

मग फ्लॉइड लँडिस. याच्याबद्दल मला काय वाटतं ते अजून ठरत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या मेनोनाइट घरातला मुलगा, टीव्हीसुद्धा नसलेलं घर. २००६ ची टूर जिंकली आणि काही दिवसांत टेस्टोस्टेरॉन सापडलं. मी निर्दोष म्हणून त्याने पुस्तक लिहिलं, लोकांकडून पैसे गोळा केले, साध्यासुध्या माणसांनी त्याच्या बचावासाठी चेक पाठवले, चार वर्षं तो खोटं बोलला. २०१० मध्ये एके दिवशी सायकलिंगच्या पदाधिकाऱ्यांना ईमेल लिहायला बसला आणि सगळं सांगून टाकलं, स्वतःचं, आर्मस्ट्राँगचं, टीमचं, स्वतःचंच रक्त काढून ठेवून नंतर परत चढवायच्या पिशव्यांचं. ज्या माणसाने आदल्या वर्षापर्यंत डोळ्यांत डोळे घालून खोटं सांगितलं त्याच्या खऱ्यावर विश्वास कोण ठेवणार, हा आर्मस्ट्राँगच्या वकिलांचा मुद्दा होता आणि मुद्दा म्हणून तो वाईट नव्हता. पण दुसरं कोण सांगणार होतं? जो त्या खोलीतच नव्हता तो? मला वाटतं आपल्याला पर्दाफाश करणारा माणूस धुतल्या तांदळासारखा हवा असतो, आणि असा एक होता, बासोन्स, त्याचं आपण काय केलं ते वर आलंच आहे.

लँडिसने देणगीदारांचे चार लाख अठ्ठ्याहत्तर हजार डॉलर परत करायचं मान्य केलं. अमेरिकन सरकारची फसवणूक झाली, पोस्टाचे तीन कोटींहून जास्त डॉलर या टीमवर खर्च झाले, असा दावा त्याने लावला होता, २०१३ मध्ये सरकारही त्यात आलं. दंड दहा कोटींच्या घरात जाईल असं बोललं जात होतं, २०१८ मध्ये पन्नास लाखांवर मिटलं. लँडिसच्या वाट्याला अकरा लाख, वकिलांचे वेगळे. काही लोक म्हणाले बघा, पैशासाठीच केलं. त्या पैशातून त्याने काय काढावं? सायकलिंगची टीम. ज्या खेळाने त्याचं सगळं वाटोळं केलं त्याच खेळात. मी ते वाचून मोठ्याने हसले होते.

स्पेनचं तर बोलायलाच नको. हेसुस मान्सानो २००३ च्या टूरमध्ये चढावर कोसळला, पुढच्या वर्षी पेपरात सगळं सांगितलं, कुत्र्यांसाठीचं औषधसुद्धा आम्हाला टोचलं म्हणाला. लोक त्याला वेड्यात काढत होते. २००६ मध्ये माद्रिदला डॉ. फुएन्तेसकडे धाडी पडल्या तेव्हा रक्ताच्या दोनशेहून जास्त पिशव्या निघाल्या, टोपणनावं लिहिलेल्या. त्या पिशव्या उत्तेजकविरोधी संस्थांना तपासायला द्यायच्या का यावर दहा वर्षं कोर्ट चाललं. दिल्या तोवर कारवाईची मुदत संपलेली होती. आणि हे सगळं जुनं म्हणावं तर २०१९ मध्ये योहानेस ड्यूर नावाच्या ऑस्ट्रियन स्कीपटूने जर्मन टीव्हीवर तोंड उघडलं, त्यातून पोलिस खेळाडूंना रक्त चढवणाऱ्या एरफुर्टच्या डॉक्टरपर्यंत पोचले, काही सायकलिस्टही सापडले. ड्यूरला स्वतःला पंधरा महिन्यांची निलंबित शिक्षा, कारण तोही त्या धंद्यात होताच. कायद्याने बरोबर. पण पुढच्या वेळी ज्याच्या मनात बोलायचं असेल त्याने हे वाचलं असणार ना.

सिमेओनीचं पुढे काय झालं ते भाच्याला सांगायचं राहिलंय. २००८ मध्ये तो इटलीचा नॅशनल चॅम्पियन झाला, सदतिशीच्या आसपास पोचलेला हा माणूस तिरंगी जर्सी घालून वर्षभर मिरवू शकला असता. २००९ च्या जिरोला त्याच्या टीमला आमंत्रणच आलं नाही. इटलीची सगळ्यात मोठी शर्यत, शंभरावं वर्ष, आणि इटलीचा चॅम्पियन घरी. त्याने निषेध म्हणून ती जर्सी फेडरेशनला परत केली. त्याच जिरोत निवृत्तीतून परतलेला आर्मस्ट्राँग होता, पोस्टरवर, सन्माननीय पाहुणा असल्यासारखा.

आणि बासोन्स. तो पुढे फ्रान्सच्या क्रीडा खात्यात उत्तेजकविरोधी कामालाच लागला, नोकरी म्हणून. हौसेने माउंटन बाइकच्या शर्यती करायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये अशीच एक शर्यत दमून मध्येच सोडून तो निघून गेला, मागाहून टेस्टसाठी त्याचं नाव निघालं, तो तिथे नव्हता. टेस्ट चुकवली म्हणून फ्रेंच फेडरेशनने त्याच्यावर वर्षाची बंदी घातली. बातमी आली ऑक्टोबरात, उसाडाचा अहवाल आला त्याच महिन्यात. आर्मस्ट्राँगपर्यंत पोचायला यांना १९९९ पासून तेरा वर्षं लागली, आणि बासोन्सला दीड महिन्यात पकडला! अपिलात ती बंदी एका महिन्यावर आली.